बिनपहाऱ्याचा कडा

सार्दीस दोनदा अशा रीतीने शत्रूच्या हाती पडले, की दोन्ही वेळा शत्रू आत शिरला तो जिथे पहारा ठेवण्याची कुणाला गरजच वाटली नव्हती तिथून. पहिल्या वेळी इराणचा सायरस होता, इसवी सनापूर्वी ५४७ च्या सुमारास. दुसऱ्या वेळी सिरियाचा राजा तिसरा अँटिओकस, इ.स.पू. २१४ मध्ये. त्यानंतर तीनशे वर्षांनी त्याच शहरातल्या एका छोट्या ख्रिस्ती मंडळीला पत्र आले. त्यात जागे राहण्याची ताकीद होती. न राहिल्यास चोर येतो तसे येणे होईल आणि कोणत्या घटकेला ते कळणारही नाही, अशी तंबी होती.

हे पत्र नव्या करारातल्या ‘प्रकटीकरण’ या शेवटच्या पुस्तकात आहे. लिहिणारा योहान तेव्हा पात्म बेटावर होता. परंपरेने सांगितलेला काळ रोमन बादशहा डोमिशियनच्या अखेरीचा, म्हणजे इ.स. ९५ च्या आसपासचा. आशिया प्रांतातल्या सात मंडळ्यांना त्याने सात पत्रे लिहिली: इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया आणि लावदिकीया. नकाशावर ही नावे याच क्रमाने जोडली, तर गावोगाव फिरणाऱ्या जासुदाची वाट तयार होते. पत्रे खासगी नव्हती. सातही एकाच पुस्तकात होती आणि ते पुस्तक मंडळीत मोठ्याने वाचायचे होते. म्हणजे सार्दीसकरांची कानउघाडणी स्मुर्णेतही ऐकली जाणार होती. हे सार्दीसला किती झोंबणारे होते, ते पुढे येईलच.

सातांपैकी पाच मंडळ्यांना पश्चात्ताप करायला सांगितले आहे. इफिसने सुरुवातीची प्रीती सोडली, पर्गम आणि थुवतीरा इथे भलती शिकवण देणारे शिरले, लावदिकीया पैशांच्या गुर्मीत ना थंड ना गरम अशी झाली. स्मुर्णा आणि फिलदेल्फिया यांना बाहेरच्यांचा जाच आहे, पण ठपका नाही. सार्दीसकडे यातले काहीच दिसत नाही. छळ नाही, पाखंड नाही, मूर्तींच्या नैवेद्यावरून भांडण नाही. सगळे सुरळीत चालले आहे, आणि तरी सर्वांत कडक निदान तिचेच: जिवंत असल्याचा नुसता लौकिक, आत जीव नाही. मग एकापाठोपाठ पाच आज्ञा येतात. जागे व्हा, जे मरणपंथाला लागले आहे ते सावरा, पहिल्यांदा काय ऐकले ते आठवा, ते धरून ठेवा, पश्चात्ताप करा.

ही भाषा सार्दीसच्या गल्ल्यांत कशी ऐकू आली असेल, हे समजायला शहराची जागा पाहावी लागते. आजच्या तुर्कस्तानात, इझमीरपासून नव्वदएक किलोमीटर आत, सालिहली गावाजवळ सार्त नावाचे खेडे आहे. दक्षिणेला बोझदाग, म्हणजे जुना त्मोलस पर्वत. उत्तरेला गेदिझ नदीचे रुंद खोरे आणि त्यात बेदाण्याच्या द्राक्षांचे मळे. पर्वतापासून पुढे आलेल्या एका डोंगरावर प्राचीन लिडियाच्या राजांचा बालेकिल्ला होता, मैदानापासून सुमारे ३०० मीटर उंच. डोंगर ठिसूळ आहे. पाऊस आणि भूकंप यांनी त्याचे कडे इतके तासले आहेत, की वरचा बराचसा माथा आता उरलेलाच नाही. खाली शहराला जो तट होता तो उत्खननात सापडला आहे. त्याची जाडी २० मीटर आहे. एवढा जाड तट बांधणाऱ्यांना कड्यावर चार माणसे उभी करणे जड नव्हते. त्यांना ते अनावश्यक वाटले.

ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने सांगितलेली हकिगत अशी. लिडियाचा राजा क्रीसस म्हणजे त्या काळातली श्रीमंतीची परिसीमा. डेल्फीच्या देवळाने त्याला कौल दिला होता, की इराणवर चाल केलीस तर एक मोठे साम्राज्य बुडेल. ते कुणाचे, हे विचारायचे त्याला सुचले नाही. सायरसने त्याला हरवले आणि सार्दीसला वेढा घातला. चौदाव्या दिवशी सायरसने जाहीर केले, की तटावर पहिले पाऊल ठेवणाऱ्याला इनाम मिळेल. पुष्कळांनी प्रयत्न केले आणि सोडून दिले. हिरोआदिस नावाच्या एका शिपायाने मात्र आदल्या दिवशी एक गंमत पाहिली होती. त्मोलसच्या बाजूचा कडा सर्वांत उभा, म्हणून तिथे एकही पहारेकरी नव्हता. वरून एका लिडियन सैनिकाचे शिरस्त्राण घरंगळत खाली आले. तो सैनिक कडा उतरून आला, शिरस्त्राण उचलले आणि आल्या वाटेने वर गेला. वाट आहे, हे हिरोआदिसला कळले. दुसऱ्या दिवशी तो चढला, त्याच्यामागे इतर चढले, आणि सार्दीस पडले.

हिरोडोटस यात एक जुनी दंतकथाही गुंफतो. मेलीस नावाच्या पूर्वीच्या राजाला ज्योतिषांनी सांगितले होते, की अमुक सिंह तटाभोवती फिरवलास तर शहर अजिंक्य होईल. राजाने सिंह सगळीकडून फिरवला, फक्त तो उभा कडा तेवढा वगळला. तिथून कोण येणार! कथा खरी नसणार, पण सार्दीसचे लोक स्वतःच्या चुकीबद्दल काय बोलत असत, ते तिच्यातून कळते. जमिनीतला पुरावा मात्र कथा नव्हे. इ.स.पू. सहाव्या शतकाच्या मध्यात कोसळलेल्या तटाच्या ढिगाऱ्यात उत्खनन करणाऱ्यांना एका तरुणाचा सांगाडा आणि लोखंड-काशाचे एक शिरस्त्राण मिळाले आहे. ते हिरोडोटसच्या गोष्टीतलेच, असे कुणी म्हणू नये. पण लढाई झाली ती तिथेच.

मराठी वाचकाला इथे रायगडची हिरकणी आठवल्याशिवाय राहणार नाही. बाळाच्या ओढीने रात्री कडा उतरून गेलेल्या गवळणीची आख्यायिका सांगते, की महाराजांनी तिचे कौतुक केले आणि ती उतरली त्या जागी बुरूज बांधून घेतला. सार्दीसमध्येही एक माणूस कडा उतरला होता, पण ते पाहिले शत्रूने. योगायोग असा, की जुलै २०२५ मध्ये पॅरिसला भरलेल्या युनेस्कोच्या एकाच बैठकीत रायगडासह मराठ्यांचे १२ किल्ले आणि बिन तेपे इथल्या थडग्यांच्या टेकड्यांसह सार्दीस, हे दोन्ही जागतिक वारसा यादीत गेले.

दुसऱ्या पाडावाची हकिगत पॉलिबियस या इतिहासकाराने लिहिली आहे, आणि ती पहिलीपेक्षा जास्त विश्वासार्ह आहे, कारण तो घटनेच्या बऱ्याच जवळचा. बंडखोर अखीयसला कोंडून अँटिओकस सार्दीसपुढे बसून होता. वेढ्याला दुसरे वर्ष लागले होते आणि शहर उपासमारीनेच पडेल असे सगळे धरून चालले होते. लागोरस नावाच्या क्रीटच्या एका अनुभवी लढवय्याला ते पटत नव्हते. त्याचे म्हणणे असे, की सर्वांत बळकट शहरेच सर्वांत सहज पडतात, कारण आतले लोक तटाच्या भरवशावर गाफील राहतात. तो जागा न्याहाळत हिंडला. बालेकिल्ला आणि शहर यांना जोडणाऱ्या तटाला ‘करवत’ म्हणत. त्याच्याखाली खोल दरी होती. मेलेली माणसे, घोडे, ओझ्याची जनावरे, त्यांची आतडी, सगळे शहरवाले तिथून दरीत फेकत. साहजिकच गिधाडे जमत. लागोरसने पाहिले, की पोट भरलेली गिधाडे त्या तटावर निवांत बसून राहतात. माणसांचा राबता असता तर ती बसली नसती. तिथे पहारा नाही, हे त्याला गिधाडांनी सांगितले. अंधाऱ्या रात्री शिड्या लावून निवडक माणसे वर चढली, आतून दरवाजा फोडला, आणि शहर गेले. बालेकिल्ल्यातला अखीयस पुढे विश्वासघाताने पकडला गेला.

योहानाने पत्र लिहिताना हे दोन पाडाव मनात धरले होते का? स्कॉटिश संशोधक विल्यम रॅम्झी यांनी १९०४ साली सात पत्रांवर ग्रंथ लिहिला आणि प्रत्येक पत्रात त्या त्या शहराचा भूगोल-इतिहास मुरलेला आहे असे मांडले. तेव्हापासून सार्दीसचा कडा प्रवचनांत हमखास येतो. थोडी खबरदारी मात्र हवी. चोराची उपमा योहानाने सार्दीससाठी घडवलेली नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात घरधन्याची गोष्ट आहेच, आणि पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलेल्या, बहुधा इ.स. ५० च्या सुमाराच्या पत्रातही रात्री येणारा चोर आहे. ती पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या तोंडी बसलेली शिकवण होती. लिहिणाऱ्याच्या मनातले सिद्ध करता येत नाही. ऐकणाऱ्यांच्या कानांबद्दल जास्त खात्रीने बोलता येते. ज्या गावात मुलांना कड्याची गोष्ट सांगितली जात असेल, तिथे ‘जागे राहा’ हे शब्द कोऱ्या पाटीवर पडले नसणार.

शिवाय लौकिकाचा मुद्दा सार्दीसला दुसऱ्याच बाजूनेही लागत होता. एके काळी पाक्तोलस ओढ्यातून इथे सोने येई. लिडियाच्या राजांनी सोन्या-चांदीच्या मिश्रणाची नाणी पाडली, ती जगातल्या सर्वांत जुन्या नाण्यांपैकी मानली जातात. सोने शुद्ध करण्याच्या भट्ट्याही ओढ्याकाठी सापडल्या आहेत. रोमन काळापर्यंत हे वैभव बखरीत जमा झाले होते. इ.स. १७ मध्ये एका रात्री आशिया प्रांतातली बारा शहरे भूकंपाने कोसळली. रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो, की सर्वांत मोठा घाव सार्दीसवर पडला. टायबेरियस बादशहाने एक कोटी सेस्टर्स देण्याचे कबूल केले आणि पाच वर्षांचे कर माफ केले.

नऊ वर्षांनी, इ.स. २६ मध्ये, याच शहराने रोमच्या सिनेटपुढे दावा मांडला, की टायबेरियसचे मंदिर बांधण्याचा मान आम्हाला द्या. अकरा शहरांत चढाओढ होती. शेवटी दोनच उरली, सार्दीस आणि स्मुर्णा. सार्दीसच्या वकिलांनी जुने कागद काढले, इटलीतले एट्रुस्कन लोक मुळात लिडियातून गेले, आपण एका रक्ताचे, असा पुरावा दिला. स्मुर्णेने रोमला केलेली प्रत्यक्ष मदत मोजून दाखवली. मंदिर स्मुर्णेला मिळाले. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, अशी सार्दीसची अवस्था तेव्हा दरबारात उघडी पडली. या पराभवानंतर सत्तर वर्षांच्या आत आलेल्या पत्रसंचात स्मुर्णेच्या ख्रिस्ती लोकांना शाबासकी आणि सार्दीसच्या लोकांना तंबी मिळाली.

त्याच पत्रात एक मऊ जागाही आहे. ज्यांनी आपली वस्त्रे विटाळली नाहीत अशी थोडी माणसे सार्दीसमध्ये आहेत, ती शुभ्र वस्त्रे घालून चालतील, असे म्हटले आहे. लोकर रंगवण्याची कला सार्दीसच्या लिडियनांनी शोधली अशी समजूत रोमन काळात होती. रोमन लेखक प्लिनीने ती नोंदवली आहे. रंगाऱ्यांच्या गावाला न रंगवलेल्या कापडाचे आश्वासन!

मंडळीने पत्र मनावर घेतले की नाही? त्या पिढीची एकही नोंद नाही. पण पाऊणशे वर्षांनी सार्दीसला जो बिशप मिळाला तो मेलेल्या मंडळीतला वाटत नाही. मेलितो त्याचे नाव. मार्कस ऑरेलियस बादशहाला त्याने ख्रिस्ती लोकांची बाजू मांडणारा अर्ज लिहिला. जुन्या करारात नेमकी कोणती पुस्तके येतात याची खात्री करण्यासाठी तो पूर्वेकडे, जिथे त्या घटना घडल्या त्या प्रदेशात जाऊन आला आणि यादी घेऊन परतला. ख्रिस्ती लेखकाने केलेली अशी ही सर्वांत जुनी ज्ञात यादी. ती इतिहासकार युसेबियसने उतरवून ठेवली म्हणून टिकली. मिळालेले धरून ठेवायचे तर आधी मिळाले काय ते मोजून घ्यावे, अशा रोखठोक स्वभावाचा हा माणूस दिसतो.

जागे राहणे त्याच्या काळात अक्षरशः जागरण झाले होते. आशियातल्या मंडळ्या यहुद्यांच्या वल्हांडणाच्याच तिथीला, नीसान महिन्याच्या चतुर्दशीला, आपला ईस्टरचा सण पाळत, मग वार कोणताही असो. उपास धरून रात्रभर बसायचे, निर्गम पुस्तकातला कोकराच्या बळीचा अध्याय वाचायचा, कोंबडा आरवेपर्यंत प्रार्थना करायची आणि मग भोजन. मेलितोचे ‘वल्हांडणाविषयी’ हे प्रवचन त्या वाचनानंतरचे आहे. ते शतकानुशतके हरवले होते. इजिप्तमधल्या पपायरसवरून कॅम्बेल बॉनर यांनी १९४० मध्ये ते छापले आणि सार्दीसच्या मंडळीचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला. भाषा नादमय, वाक्ये एकमेकांना टाळी देत जाणारी. पण त्यात एक काळा भागही आहे. ख्रिस्ताच्या मरणाचा दोष मेलितो सबंध इस्राएलावर टाकतो, तोही अत्यंत कठोर शब्दांत. पुढच्या शतकांत ख्रिस्ती जगाने यहुद्यांवर जो आरोप लादला, त्याची इतकी सविस्तर मांडणी याआधी सापडत नाही.

मेलितोच्या मृत्यूनंतर, १९० च्या सुमारास, तिथीवरून मोठे भांडण पेटले. रोमचा बिशप व्हिक्टर म्हणे, सण रविवारीच झाला पाहिजे. इफिसच्या पॉलिक्रातेसने उत्तर पाठवले, की आम्हाला ही चाल प्रेषितांपासून आली आहे, ती आम्ही सोडणार नाही. साक्षीला त्याने आशियाच्या भूमीत पुरलेल्या वडीलधाऱ्यांची नावे घेतली, आणि त्यात सार्दीसमध्ये पुनरुत्थानाची वाट पाहत असलेला मेलितो आहे. व्हिक्टर आशियाच्या मंडळ्यांशी संबंध तोडायला निघाला, तेव्हा लियोंच्या इरेनियसने त्याला आवरले. ३२५ मध्ये निकीया परिषदेने रविवारच्या बाजूने निकाल दिला आणि जुनी तिथी पाळणारे हळूहळू पाखंडी ठरले. पहिल्यापासूनचे धरून ठेवा ही आज्ञा प्रामाणिकपणे पाळणाऱ्याला त्या हट्टापायीच बाहेर काढले जाऊ शकते, हे योहानाच्या पत्रात कुठे लिहिलेले नव्हते.

मेलितोच्या कठोर शब्दांचा गावातल्या शेजारावर किती परिणाम झाला, हा प्रश्न १९६२ पासून वेगळ्या तऱ्हेने विचारावा लागतो. त्या वर्षी हार्वर्ड आणि कॉर्नेल विद्यापीठांच्या उत्खननात रोमन स्नानगृह-व्यायामशाळेच्या आवारातच एक प्रचंड यहुदी सभास्थान निघाले, अंगणासह ऐंशी मीटरहून लांब. देणगीदारांचे ग्रीक लेख तिथे आहेत. त्यांतले कित्येक नगरसभेचे सभासद होते. ही वास्तू मेलितोनंतरची, चौथ्या शतकाच्या पुढची. म्हणजे ख्रिस्ती धर्म राजधर्म झाल्यावरही सार्दीसचे यहुदी भर चौकात, मानाने नांदत होते.

शेजारची दुकानांची रांग तर अधिक बोलकी आहे. सभास्थानाच्या भिंतीला लागून काच, रंग, कुलपे, भांडी विकणाऱ्यांचे गाळे होते. सातव्या शतकाच्या सुरुवातीला सगळे जळून कोसळले आणि माल आत तसाच राहिला. एका गाळ्यातल्या वस्तूंवर क्रूस, दुसऱ्यातल्यांवर सात फाट्यांची समई. खाणावळीच्या गाळ्यांत डुकराची हाडे आणि शिंपले मिळाले, तेव्हा तो मालक यहुदी नसणार. मध्ये फक्त एक भिंत. प्रवचनात काहीही म्हटले जात असो, सकाळी फळ्या उघडताना ही माणसे एकमेकांना रोज दिसत होती.

तिकडे आर्टेमिसच्या अर्धवट राहिलेल्या अवाढव्य मंदिराच्या कोपऱ्याला चौथ्या शतकात एक चिमुकले चर्च बांधले गेले आणि मंदिराच्या दगडांवर क्रूस कोरले गेले. बिशपांची परंपरा चालू राहिली. त्यातला युथिमियस हा पवित्र चित्रांच्या पूजेचा कैवारी. चित्रे फोडायला निघालेल्या बादशहांपुढे तो वाकला नाही, हद्दपारी भोगली आणि ८३१ मध्ये फटक्यांच्या माराने मेला.

सतराव्या शतकापासून युरोपचे पाद्री आणि प्रवासी सात मंडळ्यांची गावे पाहायला येऊ लागले. स्मुर्णेचे इंग्रज चॅप्लेन फ्रान्सिस अरंडेल यांचे अशा भेटीवरचे पुस्तक १८२८ मध्ये निघाले. सार्दीसमध्ये या मंडळींना उभे खांब आणि मेंढपाळांची खोपटी दिसली, आणि त्यांतल्या अनेकांनी लगेच ताळा जमवला: पश्चात्ताप केला नाही, म्हणून भाकीत खरे ठरले. हा हिशेब कच्चा आहे. योहानाने जिला मेलेली म्हटले, तिचे बिशपपीठ १३६९ पर्यंत चालले, म्हणजे पत्रानंतर साडेबाराशेहून अधिक वर्षे. ते संपले तेव्हा कारणे तुर्की अमिरांची सत्ता आणि ओस पडत गेलेले शहर ही होती. योहानाच्या पत्रात इफिसलाही मंडळीची खूण असलेली समई काढून नेण्याची तंबी होती. तिथले बंदर मात्र नदीच्या गाळाने भरले. इतिहासात शिक्षा शोधणाऱ्याला गाळ दिसत नाही.

१९२३ च्या लोकसंख्या-अदलाबदलीच्या करारानंतर या भागात ग्रीक ख्रिस्ती वस्ती उरली नाही. सार्दीसच्या बिशपाची पदवी मात्र इस्तंबूलच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती धर्मगुरुपीठाने सोडलेली नाही. सार्दीसचा महाबिशप आजही नेमला जातो. विसाव्या शतकात हे पद सांभाळणाऱ्या मॅक्सिमोस यांनी या धर्मगुरुपीठाच्या अधिकारांवर लिहिलेला जाडजूड ग्रंथ अभ्यासक अजूनही उघडतात. सार्दीसच्या मंडळीपुढे प्रवचनाला उभे राहण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही. ऐकायला तिथे कुणी नव्हते.